'प्लास्टिक आहे, फुटत नाही' म्हणे

चोपड्यात माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात भाचा आला आणि पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा मागितला. कशाला, तर मक्यात रात्री डुकरं शिरतात, त्यांना पळवायला कार्बाइडची तोफ करायचीय, म्हणजे पाइपात कार्बाइडचे खडे आणि पाणी घालायचं आणि निघणारा गॅस पेटवून बार काढायचा. मी नाही म्हटलं तर त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, वाच ना. काहीच व्हत नही."

वाचलं. 'शेतकऱ्याची देशी तोफ' असं नाव, आणि खाली दावे. प्लास्टिक लवचिक असतं, त्यामुळे लोखंडासारखं फुटत नाही. एकदा केली की आयुष्यभर टिकते. गोळी नाही, छर्रा नाही, म्हणून इजा नाही. कार्बाइड म्हणजे केळी पिकवायची पूड, ती तर आपण रोज खातो. भोपाळात या तोफेने डोळे गेल्याच्या बातम्या फटाकेवाल्यांनी उठवल्या. शेवटी 'जय जवान जय किसान' आणि पुढे पाठवा. हाच मजकूर दाजींच्या भावकीच्या ग्रुपवर आहे, आणि गल्लीतल्या पोरांकडेही. म्हणून लिहितोय, नाहीतर मला दुकानातून फुरसत नाही.

पहिला दावा माझ्या धंद्यातला आहे, तो आधी घेतो. पाइपावर छापलेलं कधी वाचलंय का? आयएस ४९८५ (पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचं भारतीय मानक), साइज, आणि किती किलोचा ते. गिऱ्हाईक मागतो तो 'चार किलो', 'सहा किलो' म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर तेवढा दाब. कशाचा? पाण्याचा. तोही २७ अंश तापमानाला. जसं तापमान वाढतं तसा तो आकडा खाली येतो, आणि ४५ च्या पुढे हे मानक हात वर करतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत किती असतं ते जळगाव-भुसावळकरांना विचारा. आणि तोफेसाठी पोरं उचलतात तो नवा पाइप नसतोच. बांधावर चार उन्हाळे पडून पांढरा पडलेला तुकडा असतो, नाहीतर सांडपाण्याचा पाइप, ज्याला दाबाचा आकडाच नसतो. उन्हात वाळलेल्या पाइपावर टाच ठेवली की कडकन आवाज येतो, हे शेतकऱ्याला मी शिकवायचं?

आता पाणी आणि गॅस यातला फरक. मोटार चालू असताना पाइप फुटला तर आपण भिजतो, शिव्या देतो, कपलिंग आणायला येतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चीर पडली की दाब तिथंच संपतो. दाबलेला गॅस मात्र चीर पडली की फुगतो आणि पाइपाचे तुकडे सोबत घेऊन जातो. पीव्हीसी सावकाश वाकवलं तर वाकतं, झटका बसला तर काचेसारखं तडकतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच इशारा दिला होता की दाबलेल्या हवेसाठी पीव्हीसी पाइप जमिनीच्या वर उघडा वापरू नका, फुटला तर धारदार तुकडे उडतात. तिथं तर साधी हवा होती. इथं आपण आत ॲसिटिलीनचा भडका करतोय, म्हणजे वेल्डिंगवाला वापरतो तो गॅस.

'माझी पन्नास वेळा वाजली, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात. खोटं बोलत नाहीत ते, एवढं मान्य. प्रत्येक नळी पहिल्याच बाराला फुटत नाही. पण प्रत्येक भडक्याला सोल्यूशनने चिकटवलेला जोड थोडा सुटतो, आतून बारीक चिरा वाढतात, आणि वरून काही दिसत नाही. पन्नास वेळा वाजलेली नळी नवी राहत नाही, पन्नास धक्के खाल्लेली होते.

पण खरा राग मला 'गोळी नाही म्हणून इजा नाही' याचा येतो. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस निघतो आणि मागे उरतो चुना. भिंतीला लावायचा, तोच. नळी वाजली नाही की पोरगं काय करतं? डोळा लावून आत बघतं. तेवढ्यात भडका झाला तर आग, चुना आणि कार्बाइडचे खडे सरळ डोळ्यात. ॲसिड बुबुळाच्या वरच्या थरावर बरंचसं अडतं, चुना आत आत जात राहतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा भागात शंभरावर लोकांचे डोळे असे भाजले, बहुतेक पोरं, काहींची नजर गेली. फटाकेवाल्यांची अफवा म्हणायची तर भोपाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी २०२३ मध्येच वैद्यकीय मासिकात याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तोफ दिवाळीची नव्हती, वानरं हाकलायची होती. म्हणजे आपल्यासारख्याच शेतातली.

कुणाच्या डोळ्यात गेलंच तर चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार, डोळा उघडा धरून, निदान अर्धा तास, आणि तिथून सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात. तूप, मध, गुलाबपाणी काही नाही.

केळीची पूड? कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. रावेर-यावलच्या, म्हणजे केळीच्याच पट्ट्यातल्या माणसाने हा दाखला द्यावा याची कमाल वाटते.

आवाजाने डुक्कर पळतं, हे खरं. दोन-चार रात्री पळतं. मग त्याला कळतं की नुसताच आवाज आहे, आणि ते कणसं खात ऐकत बसतं. दाजींचं नुकसान खोटं नाही, वनखात्याच्या भरपाईसाठी किती खेटे घालावे लागतात तेही मला माहीत आहे. म्हणून भाच्याला झटका मशीनचा, म्हणजे कुंपणाच्या तारेत क्षणभराचा झटका सोडणाऱ्या यंत्राचा, भाव काढून दिला. मशीन विकत घ्यायचं, चांगल्या कंपनीचं. घरच्या लाइटची तार बांधाला लावायची नाही, तो तर याहून मोठा घोळ.

पाइपाचा तुकडा दिला नाहीच. तो पुढच्या दुकानात मिळाला असता, म्हणून त्या दुकानदारालाही फोन केला. तो म्हणाला, "आज सकाळपासून तिसरा."