हीरोचा मित्र

"कॅमेरा कुठे लपवलाय, तेवढं सांगा!"

परवा इंदूरजवळच्या जानापावच्या टेकडीवर एका काकांनी मला हे विचारलं. चंबळेच्या उगमाची ती पवित्र जागा, आणि मी दोघांच्या डोम तंबूचं कापड डोक्यावर घेऊन रांगत होतो. काकांना खरंच वाटलं, कसल्या तरी विनोदी मालिकेचं शूटिंग चाललंय. त्यांनी टोमणा मारला असता तर इतकं लागलं नसतं.

पडद्यावरचा बावळट एक दोरी ओढतो आणि तंबू धाडकन पडतो. साफ खोटं! डोम तंबू पाडायचा तर चुका क्रमाने कराव्या लागतात. पहिली, काठी कापडी बोगद्यातून पुढून ओढायची. फायबरच्या त्या काठीचे तुकडे आतल्या रबरी दोरीवर ओवलेले असतात. मागून ढकलले तर मुकाट पलीकडे जातात, ओढले की मधेच सुटतात आणि कापडात अडकून बसतात. दुसरी, वाऱ्याकडचे कोपरे जमिनीला न ठोकताच तंबू उभा करायचा. रिकामा तंबू जेमतेम दोन-अडीच किलोचा, म्हणजे पतंगच की! माळव्याच्या संध्याकाळच्या झुळुकीवर शायर फिदा असतात. त्यांनी कधी तंबू लावला नसावा.

काका इंदूरच्या रामबागेतले. गाडी थेट वर देवळापर्यंत येते, त्यामुळे घडीची खुर्ची, थर्मास, डब्यात पोहे आणि शेव वेगळ्या पुडीत, मऊ पडू नये म्हणून.

"अगं, इकडे ये, तो परत आत गेला!"

"हसू नका हो बिचाऱ्याला."

"हसत कुठंय? पण हा हीरो नव्हे हं. हीरोचा मित्र असणार."

मग मला उद्देशून, "भिया, खुंटी तिरपी ठोका, तंबूकडे झुकलेली!"

नेमकं उलटं. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं, साधारण 45 अंशांत. नाहीतर दोरीला ताण बसला की ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. अर्थात इथे निघायला आधी आत जायला हवी होती. दोन बोटं मातीखाली काळा कातळ, आणि तंबूबरोबर मिळालेल्या खुंट्या पेन्सिलीएवढ्या. तिसऱ्या ठोक्याला एकीचा आकडा झाला. पिशवीवर याबद्दल एक अक्षर नाही, नुसतं हसणारं जोडपं छापलंय. कुठल्या मऊ देशात राहतात कोण जाणे!

कातळावर उपाय धोंड्याचा. दोरी त्याला गुंडाळायची, वर आणखी एक ठेवायचा. तीन कोपऱ्यांना धोंडे मिळाले. चौथ्याला मिळेना. काका उठले, दोरी आपल्या खुर्चीच्या पायाला बांधली आणि पोह्यांचा डबा घेऊन पुन्हा खुर्चीत बसले. वजन ऐंशी किलो तरी असेल. तंबू पहिल्यांदाच ताठ उभा राहिला.

"हं," काका शेव भुरभुरवत म्हणाले, "आता हीरोला बोलवा."