'मनावर घेतलं की सुटते, मिटिंगा कशाला?' या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. आशय असा: दारू सोडायला मिटिंगा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका, लागत नाहीत, निश्चय लागतो. मिटिंगला जाणं म्हणजे अनोळखी लोकांसमोर अब्रू घालवणं. तिथे देवाधर्माचं डोक्यात भरवतात. एकदा जाऊन फरक पडला नाही तर समजा, हे आपल्यासाठी नाही. आणि आपल्या जवळपास असल्या मिटिंगा असतातच कुठे?

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी नऊ वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून लांब, आहे, आणि दारापर्यंत येऊन परत फिरलेली माणसं डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना परत फिरायला आणखी एक कारण मिळू नये, म्हणून लिहितो.

निश्चय माझ्याकडे भरपूर होता. रोज सकाळी नवा. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ संध्याकाळी सातपर्यंत टिकायची, मग मोडल्याची लाज वाटायची, आणि ती लाज बुडवायला पुन्हा दारूच. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू दारू गृहीत धरून चालायला लागतो. अशा माणसाने एकदम, एकट्याने बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भास, प्रचंड थरथर, भान हरपणं सुरू होऊ शकतं, आणि त्यात जीवही जातो. त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावं. 'मनावर घे आणि आजच बंद कर' हा सल्ला अशा माणसासाठी नुसता निरुपयोगी नाही, धोक्याचा आहे.

आणि निश्चय असलेल्यालाही माणूस लागतोच. मे 1935 मध्ये बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. पाच महिने प्यायला नव्हता. धंद्याचं काम फिसकटलं होतं आणि समोर बार होता. तो बारकडे गेला नाही. चर्चच्या यादीतून फोन लावत सुटला, कुणीतरी दुसरा दारुडा शोधून द्या म्हणून. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथशी पडली. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली भेट काही तास चालली आणि पुढे त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, उभी राहिली. तो फोन करणारा दुबळा होता, असं कोण म्हणेल?

अब्रूचं म्हणाल तर माझी शेजाऱ्यांपासून केव्हाच लपलेली नव्हती. एएच्या मिटिंगमध्ये फक्त पहिलं नाव सांगायचं असतं. फॉर्म नाही, फी नाही. खर्चासाठी पिशवी फिरते, त्यात नवीन माणसाने काही टाकायचं नसतं. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणावं. पहिल्या दिवशी मी दाराजवळ बसलो होतो, हात मांड्यांखाली दाबून, थरथर दिसू नये म्हणून. शेजारच्या वयस्क गृहस्थांना ती दिसली, ते काही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांनी बसच्या तिकिटामागे फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाले, "पहिल्या पेल्याआधी फोन कर. नंतर नको." ते तिकीट अजून पाकिटात आहे.

देवाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, पण 'आम्हाला जसा समजला तसा' या शब्दांत. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. तरीही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचा संबंध नसलेले गट आहेत, तिथे जा. पण घरी बसू नका.

एका मिटिंगवरून मात्र काही ठरवू नये. प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा. एकीकडे अवघडल्यासारखं झालं तर दुसरीकडे बसून बघा, पाच-सहा तरी करा. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. त्यात जोडून राहणं होतं, एकदा डोकावून येणं नव्हतं.

राहिला शोधण्याचा प्रश्न. एएच्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर गाव आणि वार सांगितला की जवळची मिटिंग कळते. 'ओपन' मिटिंगला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात. 'क्लोज्ड' फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर क्लोज्ड विचारा, किंवा दोन स्टॉप पुढची निवडा. खरंच जवळ काही नसेल तर ऑनलाइन मिटिंगा आहेत, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. माणूस अजून पीत असला तरी त्यांनी जावं.

निघण्याआधी एक फोन मात्र करा, वेळ आणि जागा बदललेली असू शकते. पलीकडे फोन घेणारा बहुतेक स्वतःच कधीकाळी पिणारा असतो. त्याला एवढंच सांगा, 'मी पहिल्यांदाच येतोय.' दहा मिनिटं आधी कुणीतरी दारात थांबेल का, तेही विचारून ठेवा. आमच्या समूहात गुरुवारी मी थांबतो.