‘तठे काय शे?’ (तिथं आहे काय?) म्हणणाऱ्यांनी थाळनेरला कसं जावं

आज सकाळी ग्रुपवर एक फोटो पडला. शिरपूरजवळच्या थाळनेरचा किल्ला, मागं तापी, आणि खाली एक ओळ: ‘काहीच नाही. पेट्रोल वाया.’ टाकणारा पुण्या-मुंबईचा असता तर सोडून दिलं असतं. आपल्याच धुळ्याचा माणूस! एप्रिल महिना, सावली पायाखाली गोळा झालेली, म्हणजे दुपारचे साडेबारा. बायकोनं ओढणी तोंडावर घेतलेली, पोरगं स्लिपरवर, आणि हा पठ्ठ्या दरडीच्या अगदी टोकाला उभा राहून सेल्फी काढतोय.

अरे बाबा, एप्रिलात साडेबाराला तुझ्या स्वतःच्या गच्चीवर तरी काही दिसतं का?

थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे. म्हणजे किल्ल्याची नदीकडची बाजू दक्षिणेला तोंड करून. दिवसभर ऊन तिच्यावरच पडतं, वर झाड जवळजवळ नाही. उन्हाळ्यात दुपारी ती जागा तव्यासारखी तापते. पण तीच गोष्ट डिसेंबर-जानेवारीत उलटी होते. सूर्य दक्षिणेकडून तिरपा चालतो, तटाच्या विटांवर आणि मातीच्या थरांवर आडवा उजेड पडतो आणि प्रत्येक थर वेगळा दिसतो. पिवळी गाळाची माती, मध्ये वाळूचा पट्टा, वर राखट पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, त्यात खापरांचे तुकडे. नदीकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, वरच्या अंगाला, सूर्य उगवतो आणि उजव्या हाताला, तापी जिकडं वाहत जाते तिकडं, मावळतो. दोन्ही वेळा नदी समोर. हे सुख डोंगरी किल्ल्यावर शोधून दाखवा.

आणि चढ किती? साठेक फूट. बस्स. आपल्या लोकांना छाती फुटेपर्यंत चढल्याशिवाय किल्ला पाहिल्यासारखं वाटतच नाही, ही खरी अडचण आहे. थाळनेर आजीला घेऊन बघता येतं. एका बाजूला तापी, बाकी तिन्ही बाजूंना रुंद खोलगट घळ, आणि मध्ये उभं हे टेकाड. वाट पूर्वेकडून एकच, ती वळणं घेत चढते. एकामागं एक पाच दरवाजे होते तिथं. आज पडझड इतकी आहे की दरवाजे मनातच उभे करावे लागतात, हे मान्य. पण वळणं ओळखता येतात. प्रत्येक वळणावर क्षणभर थांबा आणि वर बघा: खालून येणारा माणूस तटाच्या माऱ्यात कसा सापडतो ते कुणी न सांगता समजतं.

याच दरवाजांत २७ फेब्रुवारी १८१८ ला काय झालं, हे फोटोवाल्याला कुणी शाळेत शिकवलं नसेल. मंदसौरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, पण किल्लेदार तुळशीराम किल्ला सोडेना. इंग्रजांचा जनरल हिस्लॉप तोफा घेऊन आला. दरवाजात बोलणी चालू असताना चकमक उडाली, दोन इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतली शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर लटकवलं. पुढच्या वर्षी खुद्द लंडनच्या पार्लमेंटात त्या फाशीवर प्रश्न उठले. आणि आमचा भाऊ लिहितो, काहीच नाही.

त्याच्याही आधी, १३७० च्या सुमारास, फिरोजशाह तुघलकानं हा मुलूख मलिक राजाला दिला आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य इथून सुरू झालं. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर, ती नंतरची. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याची कबर थाळनेरलाच आहे. गावात ‘हजिरे (म्हणजे या कबरी) कुठं’ विचारलं तर लहान पोरसुद्धा दाखवतं. त्यातली अष्टकोनी कबर चुकवू नका. तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा, कोरीवकाम सावलीतल्या बाजूला जास्त चांगलं दिसतं.

आता जायचं कसं. शिरपूरहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडताना पोचायचं. गाडी गावातच लावा. घळीत उतरवलीत तर वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये जातो, आणि मग पंक्चरवाला सापडेपर्यंत इतिहास सुचत नाही. तोच काटा स्लिपरच्या आरपार जातो, म्हणून बंद बूट. माणशी एक लिटर पाणी, वर काही मिळत नाही. गवत वाढलेलं असेल तर पडक्या भिंतीत हात घालू नका, विटांच्या सांदीत साप असतात. किल्ला आणि हजिरे मिळून निवांत दोन तास धरा.

पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलो चिकटते, चढ छोटा असूनही पाय घसरतो. आणि तापीवर वरच्या अंगाला हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. त्यातले उघडले की इथं आभाळ निरभ्र असलं तरी पाणी चढतं. तेव्हा पात्रात उतरायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कड. फोटो पाहून राग आला तो खरं तर इथं. ही दरड खडकाची नाही, गाळाची आहे. पुरात खालचा वाळूचा थर पाणी ओढून नेतं आणि वरची माती छज्जासारखी पुढं राहते. पूर असेपर्यंत पाण्याचाच तिला टेका असतो. पाणी उतरलं की भिजून जड झालेली माती निराधार होते आणि ढासळते. म्हणजे धोका पुरापेक्षा पुरानंतर जास्त, आणि काही तुकडे तर उन्हाळ्यात पार वाळून, तडकून पडतात. काठाला समांतर भेग दिसली की तिच्या नदीकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. भेग नसली तरी दहा फूट आत. त्याचं पोरगं त्याच्याकडंच बघत होतं त्या फोटोत. तो उभा होता त्याच्या खाली कदाचित नुसती हवा असेल.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्याला तरी कोण सांगणार होतं? इंटरनेटवर ‘किल्ला’ म्हणून पाहिला, सुटीच्या दिवशी बायको-पोराला घेऊन निघाला. निघाला तरी! आपल्यातले कितीतरी जण हायवेवरून सावळद्याचा पूल ओलांडताना तापीकडं मान वळवत नाहीत. पुढच्या थंडीत पहाटे पाचला त्याला घरून उचला कुणीतरी. परत येताना शिरपुरात भरीत-भाकरी खाऊ घाला, भरिताचे दिवसच असतात ते.

फक्त त्याआधी कुणी ‘सुशोभीकरण’ आणू नका. पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं, प्लास्टिकचं हरीण, हे आपण बाकी ठिकाणी करून बसलोय. पांढरी माती धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरांसाठी खणून नेणारे पूर्वी कमी नव्हते, आता जेसीबी आलाय. एक चर मारला की शे-दोनशे वर्षांचे थर ट्रॉलीत. सावलीला चार निंब लावा, तेही खाली वाटेशी, वर नको, मुळं तटात शिरतात. आणि एक फलक. ग्रामपंचायतीत ज्यांची ओळख आहे त्यांनी विचारून बघा, मजकूर मी लिहून देतो. पहिल्या ओळीत १३७०, दुसऱ्या ओळीत १८१८, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: काठापासून दहा फूट लांब.