'बाहुल्या' मांडणाऱ्याकडून उत्तर

'एक इतिहासप्रेमी' या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

असईची लढाई (1803 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं ती; शिंद्यांच्या कवायती फौजेचा सरदार होता पोलमन) टेबलावर खेळता यावी म्हणून मी रचलेले नियम गेल्या महिन्यात इथे टाकले होते. त्यावर आपण रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी प्रतिक्रिया दिलीत. ती खाली कुठेतरी गाडली गेली आहे, म्हणून सर्वांसाठी जशीच्या तशी उतरवतो (हायलँडर म्हणजे इंग्रजांकडचे स्कॉटिश शिपाई; आणि धीराचा आकडा जेवढा कमी, तेवढी पलटण जास्त खंबीर):

"दिवाणखान्यात बाहुल्या मांडून इतिहास कळत नाही. हायलँडरचा धीर 3 आणि शिंद्यांच्या पलटणीचा 5, म्हणजे निकाल आधीच ठरलेला. इंग्रज नदी उतरत असताना पोलमनने अख्खी फौज फिरवून त्यांच्यासमोर उभी केली, तुमच्या नियमांत त्याला तीन पाळ्या लागतात. भोसल्यांचं घोडदळ नुसतं शोभेला. नकाशात 74 आणि 78 या पलटणींच्या जागा उलट्या आहेत. इंग्रजी पुस्तकं जरा कमी वाचा."

सहा वाक्यं, आणि त्यात एक 'नमस्कार'सुद्धा नाही. असो.

आधी चूक मान्य करतो, म्हणजे मी एककल्ली नाही हे दिसेल. 74वी पलटण उजव्या अंगाला, असई गावाच्या बाजूला गेली आणि 78वी डावीकडे नदीलगत होती. आपण म्हणता ते बरोबर, नकाशा सुधारला आहे, आभार. नकाशा भाचीकडून संगणकावर काढून घेतला होता, पण जबाबदारी अर्थातच माझी.

आता 'बाहुल्या'.

बाहुली कापडाची असते, लाकडाची ठकी असते, तिचं लग्न लावतात. माझ्या टेबलावर आहेत त्या 15 मिलिमीटरच्या धातूच्या आकृत्या. एकेक शिपाई दीड सेंटिमीटरचा. आधी प्राइमर, मग लाल डगला, मग पांढरे पट्टे, मग डोळ्याला भिंग लावून शून्य नंबरच्या ब्रशने चेहरा. चोवीस शिपायांच्या एका पलटणीला माझे दोन रविवार जातात. शिंद्यांची बाजू पुरी व्हायला तीन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष नुसतं बैलांचं, कारण तोफा ओढायला बैल लागतात आणि बाजारात मिळतात ते सगळे घोडे. हे करताना माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला. आपण तो 'बाहुल्या' या तीन अक्षरांत निकालात काढलात.

आणि ही आवड मी परदेशातून उचललेली नाही. माझं आजोळ जाफराबादचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामेभावंडं अंगणात किल्ला करायचो. दगड, विटा, वर पोत्याचं फडकं, त्यावर चिखल, उतारावर हळीव पेरायचं. कुंभाराकडचे मातीचे मावळे आणून बुरुजावर उभे करायचे आणि भाऊबीजेपर्यंत रोज त्यांच्या जागा बदलायच्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अंगणातल्या त्या मावळ्यांना तुम्ही बाहुल्या म्हणून दाखवा. म्हणाल? घरची म्हातारी माणसंच तुम्हाला फाटकाबाहेर काढतील.

त्याच सुट्टीत मामाने मला सायकलच्या दांडीवर बसवून असईला नेलं होतं. मी दहा वर्षांचा. रानात ज्वारी कमरेएवढी, मधे बाभळी. मामा म्हणाला, "इथं शिंद्यांच्या शंभराच्या वर तोफा होत्या. तरी हरले." मी विचारलं, कसे काय? मामाला सांगता आलं नाही. तो प्रश्न मी चाळीस वर्षं सांभाळला आहे. नियम लिहिले ते त्यासाठी, वेलस्लीची आरती ओवाळायला नव्हे. आपण त्या शिवारात कधी उभे राहिला आहात का? एका अंगाला जुई, दुसऱ्या अंगाला खेळणा, आणि मधली ती चिंचोळी पट्टी पायाखाली घातल्याशिवाय ही लढाई कळत नाही. (इंग्रजांच्या कागदांत जी 'कैलना' किंवा 'कैटना' येते ती हीच खेळणा. नदीनेही आपल्याला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय, एवढाच विनोद करतो.)

राहिला प्रश्न खेळातून काही कळतं का याचा. राइसव्हिट्झ या लेफ्टनंटने 1824 साली प्रशियाच्या लष्करप्रमुखांना आपला पटावरचा युद्धखेळ दाखवला. तेही आधी नाखूशच होते. पण बघता बघता, हा खेळ नाही, युद्धाचं शिक्षण आहे, असं म्हणाले आणि तो पट सैन्यात वाटला गेला. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने 1913 साली खेळण्यातल्या शिपायांनी लढायचे नियम पुस्तक काढून छापले. ही सगळी माणसं बाहुल्याच खेळत होती, असं आपलं मत असेल तर मी चांगल्या संगतीत आहे.

बाहुल्यांबद्दल एवढं पुरे. खरं तर एवढंही लिहायचं नव्हतं.

धीराबद्दल. महोदय, आपण नियम वाचलेत की नुसते चाळलेत? शिंद्यांच्या कवायती पलटणीचा धीर 5 नाही, 4 आहे. म्हणजे फाशावर 4 किंवा वर पडलं की पलटण जागा सोडत नाही. कंपनीच्या मद्रासी शिपायांचाही 4च आहे. दोन्हीकडे आपलीच माणसं, तीच कवायत, मग फरक कशाला करायचा? 5 होतो तो कंपूचा, म्हणजे काही पलटणींच्या गटाचा, सरदार पडल्यावर. हा नियम मी हवेतून काढलेला नाही. 1803 साली युद्ध तोंडावर आलं तेव्हा शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने बाहेर पडायला लावलं. शिंद्यांचा उत्तरेतला फ्रेंच सेनापती खुद्द पेराँ सप्टेंबरात कंपनीच्या आश्रयाला गेला. असईला पोलमन होता, सालर होता, दुपाँ होता, हे युरोपी सरदार होते, पण पलटणींमधले खालचे अधिकारी विरळ झाले होते. वरचा एक गेला की त्याच्या जागी हुकूम द्यायला कोण, हा प्रश्न मी फाशावर टाकला. यात वसाहतवाद शोधायचा तर शोधा.

आणि ज्याला खरोखर तपासायचं असतं तो गोलंदाजांचा धीर पाहतो. तो 3 आहे. हायलँडरइतकाच! तुमच्या नजरेतून नेमका तोच तक्ता सुटला. इंग्रज तोफांवरून पुढे गेले तेव्हा शिंद्यांचे कित्येक गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि रांग पुढे सरकताच उठून त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. माझ्या नियमांत तोफ शत्रूने घेतली तरी दर पाळीला एक फासा टाकायचा. 5 किंवा 6 पडला की तोफ पुन्हा बोलते. मी खेळलेल्या वसाहतकाळावरच्या कुठल्याही परदेशी नियमांत असं कलम मला दिसलेलं नाही. त्यांत 'नेटिव्ह' एकतर भाला घेऊन धावत येतो, नाहीतर पळून जातो. मी त्याला तोफेखालून उठवला. आणि इंग्रजी चष्मा कोणाला म्हणायचं? मला!

23 सप्टेंबर 1803 च्या त्या एका दुपारी वेलस्लीच्या फौजेत 428 ठार आणि 1138 जखमी झाले. गावाजवळ 74व्या पलटणीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या टेबलावरही ती पलटण दहापैकी सात वेळा कापली जाते. हे आकडे इंग्रजी पुस्तकांतूनच घ्यावे लागतात, कारण मेलेले त्यांनी मोजले. बाकी, मी मोडीचा दोन महिन्यांचा वर्ग केलेला आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आहे.

पोलमनच्या फौज फिरवण्याबद्दल आपण लिहिलंत ते वाचलं. तो तपशिलाचा भाग आहे. लांब रांग नव्वद अंशांत वळवायची तर नियमाला कुठेतरी किंमत लावावी लागते, मी तीन पाळ्या लावली, कोणी दोन लावेल. भोसल्यांच्या घोडदळाबद्दल पुन्हा केव्हातरी.

मतभेदांचं इथे स्वागतच आहे, पण आधी नाव सांगावं, नमस्कार करावा, मग बोलावं. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. तुमच्याकडची मला माहीत नाही.

ता. क. वरचं लिहून झाल्यावर काल रात्री जेवणं उरकली की सहज पट मांडला. पोलमनला तीनऐवजी एका पाळीत वळू दिलं, बाकी एकही नियम बदलला नाही. वेलस्ली पिंपळगाव-वरूडच्या उतारावरून वरच येऊ शकला नाही. मग पुतण्याला बोलावून त्याच्या हाती इंग्रज दिले आणि पुन्हा मांडलं, तेव्हाही तेच. यावरून काहीही सिद्ध होत नाही. काल फासे एकूणच विचित्र पडत होते. तिसरा डाव शनिवारी मांडणार आहे.