आर्दितींवरच्या लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘फॅसिस्टांच्या पहिल्या गुंडांचं पाप धुण्याचा उद्योग बंद करा. आधी इतिहास वाचा, मग लिहा.’ आर्दिती, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या इटालियन हल्ला-तुकड्यांचे सैनिक, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया अशी सुरू होते. पुढे फोटोंबद्दल आणि लेखाच्या लांबीबद्दलही बरंच आहे, ते सोडून देतो.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ओळखदेख नसलेल्या माणसाला ‘आधी वाचा’ म्हणून दटावण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? एवढ्या तावातावाने लिहिण्याआधी लेख तरी शेवटपर्यंत वाचायचात.

एक मान्य. एप्रिल १९१९ मध्ये मिलानला समाजवाद्यांच्या ‘अवांती!’ दैनिकाच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यात आर्दिती पुढे होते. त्यावर आणखी दोन ओळी चालल्या असत्या. काळा शर्ट, खंजीर, ‘जोव्हिनेत्सा’ हे गाणं फॅसिस्टांनी यांच्याकडूनच उचललं, हे तर मीच लिहिलंय.

पण ‘पहिले गुंड’? १९१७ च्या उन्हाळ्यात इटलीच्या दुसऱ्या सैन्यात या तुकड्या उभ्या राहिल्या, तेव्हा मुसोलिनीची संघटना जन्मायची होती. स्द्रिक्काच्या तळावर मेजर बास्सी त्यांच्याकडून खऱ्या हातबॉम्बनिशी सराव करून घेत असे. ऑस्ट्रियाच्या खंदकांत सर्वांत आधी घुसायचं, हे त्यांचं काम. त्यात किती पोरं मेली, आणि तुम्ही एका शब्दात सगळ्यांना गुंड ठरवून मोकळे!

युद्धानंतर त्यांतले पुष्कळ जण मुसोलिनीकडे गेले, काही कवी दान्नुन्झिओबरोबर फियुमे शहर बळकवायला. पण १९२१ मध्ये रोमला ‘आर्दिती देल पोपोलो’ (जनतेचे आर्दिती) ही संघटना उभी करून फॅसिस्ट टोळ्यांना रस्त्यावर अडवायला निघाला तो आर्गो सेकोंदारीही आर्दितींचाच माजी लेफ्टनंट होता. समाजवाद्यांनी त्याच ऑगस्टमध्ये फॅसिस्टांशी समेटाचा करार केला, कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सभासदांना या संघटनेपासून लांब राहायला सांगितलं. तरी ही माणसं मागे हटली नाहीत.

ऑगस्ट १९२२ मध्ये फॅसिस्ट नेता इतालो बाल्बो हजारोंची फौज घेऊन उत्तर इटलीतल्या पार्मा शहरावर चालून आला. समाजवादी खासदार आणि तिथल्या आर्दिती देल पोपोलोचा म्होरक्या गुइदो पिचेल्ली याच्या हाताखाली ओल्त्रेतोरेंते या कामगारवस्तीने फरसबंदी उखडून अडसर रचले, चर खणले. बाया-पोरंही त्यात होती. बाल्बोला हात हलवत परतावं लागलं. मी पार्म्याला शिकायला होतो, राहायला ह्याच वस्तीत. पिचेल्लीच्या नावाच्या चौकातून माझी रोजची वाट होती. आईबापांनी अडसर रचले म्हणून अभिमानाने सांगणाऱ्या म्हाताऱ्यांशी मी बोललोय. मला इतिहास शिकवण्याआधी तुम्ही कुणाशी बोललात?

पिचेल्ली १९३७ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढताना मेला. सेकोंदारीला फॅसिस्टांनी इतकं झोडपलं की पुढचं आयुष्य मनोरुग्णालयात गेलं. तो १९४२ मध्ये वारला. यांतलं कोणाचं, कोणतं पाप मी धुतलं, ते नाव घेऊन लिहा. तशी प्रतिक्रिया आली तर तिला उत्तर देईन. पुन्हा नुसतं ‘इतिहास वाचा’ आलं, तर मात्र देणार नाही.