मॅडमची उणे नजर

रेडिओलॉजिस्ट मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचताना नेमकं कुठे बघतात, हे मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा वाटलं होतं, कॅमेरा लावायचा, बटण दाबायचं, सहाच्या बसने घरी. कॅमेरे निघाले चार आणि स्क्रीन तीन. दोन उभे, प्रत्येकी २०४८ बाय २५६० पिक्सेलचे. तिसरा आडवा, पेशंटच्या यादीचा.

हे कॅमेरे डोळ्यांवर इन्फ्रारेड उजेड टाकतात आणि बुबुळावर चमकणारा ठिपका व बाहुलीचा मध्य यांवरून नजर कुठे लागली ते ताडतात. पण कुठला स्क्रीन कुठे उभा आहे, हे त्यांना आधी मिलिमीटरमध्ये सांगावं लागतं. मी आईची शिवणाची टेप आणली आणि अंधाऱ्या रिपोर्टिंग रूममध्ये मोबाइल दातांत धरून, ब्लाउजची मापं घ्यावीत तशी स्क्रीनची मापं घेतली. दुसऱ्या दिवशी मावशींनी धूळ पुसली आणि डावा स्क्रीन ‘जरा सरळ’ करून ठेवला. पुन्हा टेप, पुन्हा दात.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांना नजर ओळखायला शिकवणं. एकेका स्क्रीनवर नऊ ठिपके, आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रत्येकाकडे टक लावून बघायचं.

“सत्तावीस? एवढ्यात माझे चार रिपोर्ट झाले असते रे.”

“डोकं हलवू नका, मॅडम.”

मॅडमना प्रोग्रेसिव्ह चष्मा, जवळचा नंबर काचेच्या तळाशी. जवळचं बघायला त्या हनुवटी वर करत, पापण्या खाली येत आणि सॉफ्टवेअर जाहीर करी : डोळे मिटलेत. बरं, सगळं जमलं तरी एका अंशाची चूक धरायचीच. हातभर अंतरावर तो झाला सेंटिमीटर. आणि शोधायचे काय, तर अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कॅल्शियमचे कण!

मॅडमचा उत्साह टिकावा म्हणून मी २०१३ सालचा प्रयोग सांगितला. फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना दिसलं नाही, आणि त्यांतल्या बारा जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती.

“दिसून तरी काय लिहिणार?” मॅडम म्हणाल्या. “आमचं रिपोर्टमधलं ठरलेलं वाक्य? गोरिला नोटेड, प्लीज कोरिलेट क्लिनिकली?”

शेवटी वीस जुन्या केसेस वाचून झाल्या. मॅडमची सगळी उत्तरं बरोबर. डेटा उघडला, तर डाव्या स्क्रीनवर नजर शून्य. डावीकडे उजव्या स्तनाची चित्रं असतात. म्हणजे आमच्या विज्ञानानुसार मॅडमनी उजव्या बाजूच्या गाठी न बघताच सांगितल्या होत्या.

तीन दिवस मी केबल बदलल्या, टेप काढली, मावशींवरही संशय घेतला. दोष माझ्याच एका ओळीत होता. विंडोज मुख्य स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतं. त्याच्या डावीकडचं सगळं उणे. आणि मी मोठ्या हुशारीने लिहून ठेवलं होतं : आकडा उणे आला तर पापणी लवली समजावं.

मूळ फाइल शाबूत होती, एवढंच नशीब. मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं.

“म्हणजे तुझ्या हिशेबाने मी निम्मं रिपोर्टिंग डोळे मिटून केलं?”

“तसं... हो.”

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “एचओडींना दाखवू नकोस हं. रोजच्या केसेस दुप्पट करतील.”