पडद्यापर्यंतचा रस्ता

चित्रपटगृहाच्या सुखसोयींवर आपल्याकडे बोलणं निघालं की ते हटकून दोन गोष्टींवर येतं: पॉपकॉर्न केवढ्याला मिळतो आणि खुर्ची मागे झोपते का. माझं माहेर दादरचं, सासर पुण्यातलं, त्यामुळे दोन्ही गावांची मतं फोनवरून माझ्यापर्यंत पोहोचतात. दादरची मंडळी म्हणतात, जुन्या थिएटरात आता काही राम राहिला नाही. पुण्याची मंडळी म्हणतात, गावात कोण जाणार पिक्चरला, गाडी कुठे लावायची? त्यापेक्षा मॉल बरा, तळघरात पार्किंग आहे, वर लिफ्टने गेलं की झालं.

मला हे म्हणणं चुकीचं वाटत नाही, अपुरं वाटतं. बरीच वर्षं लंडनमध्ये राहून, इथल्या ऐन मध्यवस्तीतल्या थिएटरांमध्ये चित्रपट पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. शहराच्या मधोमध असलेल्या थिएटरची सोय घराच्या उंबरठ्यापासून मोजायला हवी आणि परत त्याच उंबरठ्यापर्यंत. खुर्ची हा त्या हिशेबातला एक छोटा भाग आहे.

लेस्टर स्क्वेअर हे लंडनच्या सिनेमाचं जुनं ठाणं. तिथलं ओडियन 1937 सालचं, काळ्या दगडाच्या दर्शनी भागाचं. आतून पूर्ण नवं करून ते 2018च्या अखेरीस पुन्हा उघडलं, तेव्हा जागा मुद्दाम कमी केल्या आणि पाय पसरायला मोकळीक दिली. खुर्ची उत्तम, आवाज उत्तम, तिकीट मात्र वीस पौंडांच्या वर सहज जातं. चार माणसांच्या कुटुंबाला दर महिन्याला परवडेल अशी ही चैन नव्हे. तरी तिथे जाताना गाडीचा विचार कोणाच्याच मनात येत नाही, कारण शहराने तो विचार करायची गरज ठेवलेली नाही. मध्य लंडनमध्ये दिवसा गाडी आणायची तर 2003 पासून गर्दीशुल्क भरावं लागतं आणि दुसरीकडे दोन भुयारी रेल्वेमार्ग थेट चौकाखाली येतात. 2016 पासून या दोन्ही मार्गांवर शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर गाड्या असतात. शेवटचा खेळ साडेबाराला सुटला तरी बायका, म्हातारी माणसं निवांत स्टेशनकडे चालू लागतात. रिक्लायनरपेक्षा हे सुख मला मोठं वाटतं. चित्रपटाच्या शेवटच्या वीस मिनिटांत घड्याळाकडे बघावं लागत नाही, याची किंमत एकट्याने परतणाऱ्या बाईला विचारावी.

पण इथलं सगळं गोड नाही. लेस्टर स्क्वेअर स्टेशनात लिफ्ट नाही, सरकते जिने आणि पायऱ्या आहेत. जवळच्या पिकॅडिली सर्कस स्टेशनची तीच गत. माझी एक मैत्रीण चाकाच्या खुर्चीवर असते. तिच्याबरोबर जायचं तर आम्ही टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरतो, तिथे लिफ्ट आहे, आणि उरलेलं अंतर रस्त्याने कापतो. पावसात ते अंतर लांब होतं. मध्यवस्तीतली कितीतरी छोटी थिएटरं तळघरात आहेत. तिथे जाण्याआधी ती फोन करून विचारते, कारण संकेतस्थळावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं यात फरक पडतो. थिएटरात पोहोचल्यावर चाकाच्या खुर्चीची जागा बहुतेक वेळा पहिल्या रांगेत किंवा अगदी कडेला निघते. मान वर करून अडीच तास बसायचं.

तरीही तिच्यासाठी इथे एक व्यवस्था आहे, आणि ती मला मनापासून आवडते. ब्रिटनमधल्या थिएटरचालकांच्या संघटनेचं एक कार्ड मिळतं. ज्याला सोबतीशिवाय चित्रपटाला येणं शक्य नाही, अशा अपंग प्रेक्षकाने ते दाखवलं की सोबत्याचं तिकीट फुकट. त्यात दयेचा भाग कुठेच नाही. त्या माणसाला एका चित्रपटासाठी दोन तिकिटांचे पैसे पडू नयेत, एवढा साधा न्याय आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पडद्यावर मजकूर दाखवणारे खेळ, स्वमग्न मुलांसाठी मंद दिवे ठेवून आणि आवाज कमी करून लावलेले खेळ, तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या आयांसाठी सकाळचे खेळ, हे सगळं वेळापत्रकात छापलेलं असतं. आपल्याकडे 2016 साली अपंग हक्क कायदा आला. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने 2024 मध्ये श्रवण आणि दृष्टी यांचा प्रश्न असलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांना मार्गदर्शक सूचनाही दिल्या. कागद तयार आहे. पण घरच्या गप्पांत कुणी मला विचारलेलं नाही की अमुक थिएटरात रॅम्प आहे का. पॉपकॉर्नच्या भावाबद्दल मात्र सगळे तावातावाने बोलतात.

पॉपकॉर्नचा विषय निघालाच आहे तर बोलते. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यावं की नाही, यावर महाराष्ट्रात 2018 साली केवढं रण माजलं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात होतं, विधिमंडळात घोषणा झाल्या, काही ठिकाणी खळ्ळखट्याकही झालं. पुढे 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला: थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं रोखायचा मालकाला अधिकार आहे. मात्र स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांनी आणलेलं खाणं आत जाऊ दिलं पाहिजे. निकालाचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात आहे, दुसरा कोणालाच आठवत नाही. थिएटरात गेल्यावर फुकट पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारून बघा. असतो, पण शोधावा लागतो, आणि त्याआधी बाटल्यांचा काउंटर लागतो.

लंडनमधल्या बहुतेक मोठ्या थिएटर-साखळ्या बाहेरचं थंड खाणं आत नेऊ देतात. गरम पदार्थ नको, दारू नको, बाकी पिशवीत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. त्यांचा धंदा बसलेला नाही. लोक काउंटरवरूनही घेतात, कारण सक्ती नसली की माणूस आपखुशीने खर्च करतो. माझ्या आईला मधुमेह आहे. भारतात एका थिएटरच्या दारात तिच्या पर्समधली भाजलेल्या चण्यांची पुडी काढून ठेवायला लावली. ती मुकाट्याने ठेवून आत गेली आणि मध्यंतरापर्यंत अस्वस्थ होती. त्या दारावरच्या पोराचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं. पण अशा प्रेक्षकासाठी औषधासारखा अपवाद करायला न्यायालयाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. मालकाच्या अधिकारात तेही बसतं.

एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने ठाम उभी आहे, ती म्हणजे मध्यंतर. इथे मध्यंतर नसतं. तीन तासांचा चित्रपट सलग चालतो, आणि साठी ओलांडलेली माणसं अंधारात, दुसऱ्यांच्या गुडघ्यांना घसटत, मान खाली घालून स्वच्छतागृहाकडे जाताना दिसतात. काही जण त्या धास्तीने दुपारपासून पाणी पीत नाहीत. दहा मिनिटं दिवे लावणं ही केवढी मोठी सोय आहे हे ती नसलेल्या देशात राहिल्यावर कळतं. आपल्याकडचे काही जाणकार मध्यंतर काढून टाकायला सांगतात, कलाकृतीचा भंग होतो म्हणून. त्यांनी आपल्या आईवडिलांना घेऊन एक लांब चित्रपट सलग पाहावा, एवढीच माझी विनंती.

जाहिरातींचा छळ दोन्हीकडे सारखाच. तिकिटावर सातची वेळ आणि चित्रपट सुरू होतो सव्वासात-सातपंचवीसला. बंगळुरूच्या ग्राहक न्यायालयाने 2025 मध्ये एका प्रेक्षकाचा असा गेलेला वेळ नुकसानभरपाईच्या लायकीचा मानला होता. वरच्या न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली, तरी मागणी रास्तच आहे: चित्रपट नेमका किती वाजता सुरू होणार ते तिकिटावर छापा. शेवटची गाडी पकडायची असणाऱ्याला ती पंचवीस मिनिटं फार महाग पडतात.

मूळ मुद्दा हाच, पोहोचण्याचा आणि परतण्याचा. कुलाब्याचं रीगल 1933 साली बांधलं तेव्हा तळघरात मोटारी लावायची सोय केली होती. म्हणजे पार्किंगचा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच्या मालकालाही पडला होता आणि त्याने सोडवला होता. बाकी मुंबईची थिएटरं रेल्वेच्या आधाराने वाढली. दादरचं प्लाझा घ्या, दोन्ही मार्गांच्या गाड्या तिथून चालत जायच्या अंतरावर, आणि लोकल मध्यरात्रीनंतरही मिळते. या बाबतीत मुंबई लंडनपेक्षा आधीपासून पुढे होती. आणि आता तर भुयारी मेट्रो आली. ऑक्टोबर 2025 पासून तिसरी मार्गिका थेट कफ परेडपर्यंत धावते. गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड, चर्चगेट, म्हणजे जुन्या थिएटरांच्या वस्त्याच त्या मार्गावर आहेत. पुण्यात सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला. मंडई किंवा कसबा पेठेला उतरलं की लक्ष्मी रस्ता आणि अप्पा बळवंत चौक पायी गाठता येतो. "गावात गाडी कुठे लावायची" या तक्रारीला पहिल्यांदाच खरं उत्तर मिळालं आहे.

नेमक्या याच काळात ही थिएटरं बंद पडत आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. दादरचं चित्रा 2019 मध्ये बंद झालं. चर्चगेटचं ईरॉस, 1938 सालचं, ज्या आर्ट डेको शैलीच्या इमारतसमूहाला युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा ठरवलं त्याचा भाग, कित्येक वर्षं बंद राहून 2024 मध्ये आयमॅक्स होऊन उघडलं. इमारत वाचली याचा आनंद आहे. पण पूर्वीच्या हजारावर खुर्च्यांच्या जागी आता काहीशेच राहिल्या आणि स्वस्त रांगा गेल्या. कॉलेजातून दोन-चार जणांनी मिळून उठून जायचं ते ठिकाण आता आधी विचार करून जायचं झालं.

महाराष्ट्रात थिएटर पाडून नवी इमारत बांधायची तर तिथे काही प्रमाणात थिएटर ठेवावंच लागतं. ही अट काढा, अशी एकपडदा मालकांची जुनी मागणी आहे. त्यांची बाजू मला कळते. रिकाम्या सभागृहाचं वीजबिल त्यांनाच भरावं लागतं. तरी ती अट जाऊ नये असं मी म्हणते, कारण अट नसली की काय होतं ते मी इथे पाहिलं. लेस्टर स्क्वेअरच्या मागच्या गल्लीत प्रिन्स चार्ल्स नावाचं दोन पडद्यांचं थिएटर आहे. जुने चित्रपट, रात्रभराचे खेळ, सभासदांना स्वस्त तिकीट. 2025च्या जानेवारीत भाडेकराराच्या नूतनीकरणावरून ते जाणार की राहणार असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यानंतर वेस्टमिन्स्टर पालिकेने त्याची समाजाच्या ठेव्यांच्या यादीत नोंद केली. 2011च्या कायद्यातली ही तरतूद. जागा विकायला काढली तर स्थानिक लोकांना ती घेण्यासाठी पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. संरक्षण तोकडंच आहे, विक्री कायमची थांबत नाही. आपल्याकडची अट त्याहून भक्कम आहे. जगातल्या कितीतरी शहरांना असा नियम हवा असेल आणि आपण तो ओझं म्हणून टाकायला निघालो आहोत.

मात्र नुसत्या अटीवर थिएटर चालत नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हे योग्य दिशेचं पाऊल आहे. त्याचा फायदा कोणाला? मॉलमधल्या थिएटरला नाही, तिथे शनिवारी शंभर रुपयांत तिकीट मिळत नाही. तो जुन्या थिएटरांना आहे. कर्नाटकने सगळीकडे दोनशेची कमाल मर्यादा घालायचा प्रयत्न केला आणि उच्च न्यायालयाने ती रोखली. मला तो मार्ग पटत नाही. महाग थिएटर महाग असू दे, पण त्याच शहरात, मेट्रोच्या तोंडाशी, स्वस्त आणि स्वच्छ थिएटर जिवंत राहिलं पाहिजे. मराठी चित्रपटाला पडदा मिळण्याचा प्रश्नही इथेच येतो. 2015 साली मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट मुख्य वेळेत दाखवायला लावायचं ठरलं, आरडाओरडा झाला, मग दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल वेळ झाली. सक्तीने मिळालेला दुपारचा खेळ कोण बघणार? लालबागच्या भारतमातासारखी थिएटरं मराठी चित्रपटाला हक्काने संध्याकाळ देत आली. लंडनमध्ये मराठी चित्रपट लागतो तो बहुधा कडेच्या उपनगरात, शनिवार-रविवारचा एखादा खेळ. मध्यवस्तीतला पडदा गेला की आपल्या भाषेचा चित्रपट शहराच्या कडेला ढकलला जातो, हे मी इथे राहून पाहते आहे. ते मुंबई-पुण्यात होऊ नये.

म्हणून या वर्षी सुटीला आले की मी घरच्यांशी पॉपकॉर्नवर वाद घालणार नाही. त्यांना तीन गोष्टी मागायला सांगणार आहे. थिएटरची स्वच्छतागृहं दुरुस्त करायला आणि रॅम्प बांधायला मालकांना बिनव्याजी कर्ज. फुकट पाण्याचा नळ दारातून दिसेल अशा जागी. आणि मेट्रोची वेळ: मुंबईची तिसरी मार्गिका रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते, पुण्याची अकराच्या सुमारास, आणि शेवटचा खेळ सुटतो बारानंतर. निदान शुक्रवारी आणि शनिवारी शेवटची गाडी एकपर्यंत नेली, तर लक्ष्मी रस्त्यावरच्या थिएटरात कोथरूडहून रात्रीच्या खेळाला यायला कोणाला गाडी काढावी लागणार नाही.